सुभानरावांचा अर्धा दात

बुधवारी सकाळी चहा पिताना मितालीनं सांगितलं की शुक्रवारी चार वाजता ती दात काढून घेणार आहे. समोरचा, वरचा, डावीकडचा. दात किडलेला नव्हता, हलत नव्हता, दुखत नव्हता. सव्वीस वर्षांची माझी मुलगी, तोंडात सगळे दात जागच्या जागी, आणि सांगायची तऱ्हा अशी की जणू गॅसचा बाटला नोंदवून आलीय.

“बाजव्याला एक डॉक्टर आहे,” ती म्हणाली. “इथं अकोट्यातल्या दोघांनी नाही म्हटलं. हा तयार झाला.”

“तयार कसा झाला?”

“मी म्हटलं धक्का लागलाय, फार दुखतोय. त्यानं जास्त विचारलं नाही.”

माझी बायको मंदा खाली बसून गवार मोडत होती. हातातली शेंग तशीच धरून ती म्हणाली, “आणि स्थळवाल्यांना काय सांगायचं? मुलीला समोरचा दात नाही, पण क्लॅरिनेट सरस वाजवते?”

“काढता-घालता दात मिळतो, आई. लॅबमध्ये जाताना लावायचा, वाजवताना काढायचा. पप्पा लावतातच की कवळी.”

खाटेवर माझे वडील बसले होते. गोविंदराव, वय चौऱ्याऐंशी. ते हसले. आता त्यांच्या हसण्यात नुसत्या हिरड्याच दिसतात, पण माझ्या लहानपणी त्यात एकच फट होती. समोर, वर, डावीकडे. “शाबास,” ते म्हणाले. “सुभानरावांची पणती शोभतेस.”

मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. पण मी थकलोय. हे वाक्य मी वर्षभर सगळ्याच गोष्टींना लावतो, मंदा चिडते, तरी खरं आहे. पस्तीस वर्षं दिवसा बाजव्याकडच्या कारखान्यांत ठेकेदाराच्या हाताखाली फिटर, आणि लगनसराईत रस्त्यावर क्लॅरिनेट. गुडघे गेले, एक कान अर्धा गेला, आणि मार्चमध्ये वरचे आणखी तीन दात गेले. वासणा रोडवरच्या डॉक्टरनं चार दातांची कवळी बसवून दिली. चार, कारण एक दात आधीपासूनच नव्हता.

हा दाताचा काय प्रकार आहे ते सांगतो. बडोद्याबाहेरच्या माणसाला हे वेडेपण वाटेल, आणि ते आहेच.

आमच्या वरातीच्या बँडवाल्यांत एक चीज आहे, तिचं नाव ‘दात’. क्लॅरिनेटनं एकटीनं वाजवायची, साडेतीन-चार मिनिटांची. वरात मांडवाच्या दारात आली की ढोल थांबतात, ट्रंपेट गप्प होतात, आणि कोणीतरी ओरडतं, “दात वाजवा!” चाल भरधाव, पण लष्करी नाही, झोके खात जाते, प्रत्येक ठोका जरा उशिरा टेकतो. शेवटी क्लॅरिनेट खालच्या एका सुरावर येऊन थांबते आणि तिथून अगदी टोकाच्या सुरापर्यंत मधे कुठेही न तुटता चढत जाते. रबर ताणावं तशी. याला आम्ही खेच म्हणतो. खेच बसली की घोड्यावरचा नवरदेवसुद्धा उतरून नाचतो. फाटली की पोरं शिट्ट्या मारतात आणि पुढच्या लग्नाला दुसरा क्लॅरिनेटवाला येतो.

जुन्या सरदार घराण्यांवर गुळगुळीत कागदाचं एक जाडजूड पुस्तक निघालंय, त्यात या चीजेवर अर्धं पान आहे. सरदार उदयसिंहरावांनी १९४४ साली विश्वामित्रीवर पडलेलं चांदणं पाहून ही धून रचली म्हणे. विश्वामित्रीत मगरी आहेत. सरदार रात्रीचा तिथं काठावर चांदणं बघत बसला असता तर धून रचायला घरी आला नसता.

झालं होतं असं. लढाईची वर्षं होती. सरदाराकडे मुंबईहून, गोऱ्या शिपायांमार्फत, अमेरिकन स्विंगच्या तबकड्या यायच्या. त्यानं बंगल्यावर दर शनिवारी नाच ठेवायला सुरुवात केली आणि त्यासाठी आठ जणांचा बँड बांधला. आठही जण गायकवाडी पलटणीतल्या शिपायांची मुलं. क्लॅरिनेटवर माझे आजोबा, सुभानराव. काम एवढंच, की दिवसभर तबकडी ऐकायची आणि संध्याकाळपर्यंत हुबेहूब बसवायची. स्वतःचं काही वाजवायचं नाही. नोकराला स्वतःचं काही असतंय थोडंच.

एका शनिवारी गाणं संपायच्या जागी त्यांनी ते संपवलं नाही. का, ते त्यांना कधीच सांगता आलं नाही. दोन फेरे स्वतःच्या मनानं वाजवले. तिसऱ्या फेऱ्याला नाचणारे थांबले आणि बँडभोवती गोळा झाले. सरदाराबरोबर कोणा कर्नलची मडम नाचत होती, तीही त्याचा हात सोडून ऐकायला आली. पाहुणे गेल्यावर स्वयंपाकघराकडच्या बोळात सरदारानं चांदीच्या मुठीची काठी आजोबांच्या तोंडावर मारली. एकदाच. समोरचा दात अर्धा तुटला.

पुढच्या शनिवारी वाजवायला जावं लागलंच. जबडा सुजलेला होता. आजी, रखमाबाई, तिनं लवंगेचं तेल लावून दिलं. तुटलेली कड क्लॅरिनेटवर टेकली की डोळ्यांसमोर अंधारी यायची, म्हणून आजोबांनी वरचा ओठ आत घेतला आणि तो त्या फटीत जाऊन बसला. शेवटचा सूर गाठायला गेले तर तो नेहमीसारखा टणकन न लागता ओढला जात, घसरत, वर चढत गेला. चुकून. लोक खुर्च्यांवर चढून ओरडायला लागले. सरदारानं तिथल्या तिथे जाहीर केलं की ही आपलीच कल्पना, आणि कागदावर नाव त्याचं पडलं. पुढं तो सोन्याचा दात बसवून द्यायलाही तयार झाला होता. आजोबा नको म्हणाले. दात आला तर खेच जाईल, आणि खेच गेली तर नोकरी जाईल, या भीतीनं.

ही या चीजेची पार्श्वभूमी. चांदणं-बिंदणं काही नाही. एक काठी आणि लवंगेचं तेल.

मग संस्थान गेलं, नाच बंद पडले, सुभानराव वरातीच्या बँडमध्ये आले. तिथल्या क्लॅरिनेटवाल्यांनी बघितलं, की या माणसाला समोरचा दात नाही आणि याच्यासारखी खेच दुसऱ्या कोणाला येत नाही. ओठाला जाऊन बसायला फट पाहिजे, असा त्यांनी अर्थ लावला. आणि दात उपटले. चांगले, घट्ट, तरुण दात. दहा-बारा वर्षांत अकरा जणांनी उपटले. पुढं बँडच्या मालकांनी नियमच करून टाकला, की पहिल्या क्लॅरिनेटला उभं राहायचं असेल तर आधी तोंड उघडून दाखव. बैल घेताना बघतात तसं.

बाबांचा दात एकसष्ट साली गेला. माझा चौऱ्याऐंशी साली. मी सतरा वर्षांचा होतो. बाजारात पक्कड घेऊन एक माणूस बसायचा, त्याच्याकडे नेलं. बाबांनी दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं होतं. त्यांच्या तळव्यांना पितळ घासायच्या पावडरीचा वास येत होता. तो वास अजून आला की मला तोंड मिटून घ्यावंसं वाटतं.

काढलेला दात टाकून देत नाहीत. क्लॅरिनेटच्या तोंडाला वेताची पातळ पट्टी बांधतात, तिला रीड म्हणतात. त्या रीडा ठेवायची पत्र्याची एक डबी आमच्याकडे आहे. तिच्यात तिघांचे दात आहेत. सुभानरावांचा तुकडा, बाबांचा, आणि माझा, मुळासकट. खंडेनवमीला पाटावर पणजोबांची तलवार मांडतात, शेजारी क्लॅरिनेट आणि शेजारी ती डबी. तिन्हींवर कुंकू. लहानपणी मला याचा अभिमान वाटायचा, हेही सांगून टाकतो.

गुरुवारी पीयूषभाईंनी मला आणि मितालीला रावपुऱ्यातल्या दुकानावर बोलावलं. पीयूषभाई बँडचे मालक, चाळिशीचे, माझ्याशी मराठीत बोलायचा हट्ट धरतात. भिंतीवर लाल-सोनेरी कोट टांगलेले, खाली एक पोटफुटका ढोल.

“आवो, समरजितकाका, आवो! आणि आ आपली स्टार!” त्यांनी मितालीला खुर्ची दिली. “दसऱ्याला पाच सोसायट्यांचा एक वरघोडा आहे, मोट्ठी मिरवणूक. फर्स्ट क्लॅरिनेट छोकरी! आख्ख्या बडोद्यात कोणाकडे नाय. व्हिडिओवाल्याला मी सांगून ठेवलाय. वाजवो ने जरा, बेन.”

मितालीनं उभं राहून वाजवलं. मी खोटं कौतुक करत नाही, माझ्या मुलीचंही नाही. तिची बोटं माझ्यापेक्षा चांगली आहेत. दहाव्या वर्षापासून शिकतेय. रोज औषधकंपनीच्या लॅबमधून आल्यावर दीड तास. तिनं झोके असे घेतले की दुकानातला शिलाईवाला मशीन थांबवून बघायला लागला. मग ती खालच्या सुरावर थांबली, वर निघाली, आणि मधेच सूर फाटला. पत्रा ओरबाडल्यासारखा.

“बाकी फर्स्ट क्लास,” पीयूषभाई म्हणाले. “पण खेच नाय, बेन. तोंड उघडो ने?”

तिनं उघडलं. त्यांनी मोबाईलचा उजेड पाडून आत बघितलं. मी शेजारी उभा होतो, तिचा बाप.

“आखी बत्तिशी छे,” ते हळहळून म्हणाले.

“उद्या काढतेय,” मिताली म्हणाली.

“वाह! आने कहेवाय हिंमत! काका, आमची कोमल दातांना तार लावायची तर तीन दिवस रडली.” ते मला टाळी द्यायला पुढं झाले. मी टाळी दिली. दिली मी. त्यांच्या थोबाडीत द्यायला हवी होती, पण टाळी दिली.

परत येताना स्कूटर ती चालवत होती. अकोट्याच्या पुलावर गर्दीत अडकलो तेव्हा तिनं मान न वळवता विचारलं, “पप्पा, तुम्ही बोलत का नाही?”

“दुखतं फार.”

“इंजेक्शन देतात हो आता.”

“इंजेक्शन उतरल्यावरचं म्हणतोय मी.”

“मग मला एक सांगा. फुंक कमी आहे माझी?”

“नाही.”

“बोटं?”

“नाही.”

“रियाज?”

“नाही.”

“मग तुमच्याकडं काय आहे जे माझ्याकडं नाही?” पुढची रिक्षा हलली, तिनं स्कूटर पुढं काढली. “किंवा काय नाही, जे माझ्याकडं आहे. सोळा वर्षं झाली, पप्पा. खेच आली नाही तर मी सोसायटीच्या गणपतीत वाजवणारी हौशी मुलगीच राहणार. आणि मला हौशी मुलगी म्हणून मरायचं नाहीये.”

खरं सांगायचं तर खेच मी कशी काढतो ते मला माहीतच नाही. सतरा वर्षांच्या मला कोणी शिकवलं नव्हतं. दात काढला, चौथ्या दिवशी सुजलेल्या तोंडानं क्लॅरिनेट धरली, आणि ती आली. बाबा म्हणाले, बघ, म्हटलं नव्हतं?

घरी आलो. बाहेर गरब्याच्या मांडवात कोणीतरी माइकवर ‘हॅलो, चेक, हॅलो’ करत होतं. मंदानं समोर ताट ठेवलं आणि समोरच बसली.

“कवळी लावून तुम्ही ते कधी वाजवलंय का?”

“सैल होते. पडेल.”

“पडू दे. घरात कोण बघतंय?”

मी भाकरी कुस्करत बसलो.

“पडेल याची भीती नाही तुम्हाला,” ती म्हणाली. “नाही पडली तर काय, याची आहे.”

एकतीस वर्षं संसार केलेल्या बाईला काही लपत नाही. मार्चपासून मी प्रत्येक वेळी क्लॅरिनेट हातात घेण्याआधी कवळी काढून पेल्यात ठेवत आलो होतो. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. कवळी लावून खेच आली, तर फटीचा काही संबंध नव्हता. मग माझा दात फुकट गेला. बाबांचा फुकट गेला. अकरा जणांचे फुकट गेले. आणि ते दोन हात, ज्यांनी माझं डोकं धरलं होतं, ते कशासाठी धरलं होतं? अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसाला असली गोष्ट कळून करायचं काय? न कळलेली बरी. असा विचार करून मी सहा महिने काढले होते, आणि अजून खुशाल काढले असते, जर पोरीनं डॉक्टरची वेळ घेतली नसती.

शुक्रवारी तिनं अर्धी रजा टाकली. अडीच वाजता ती आरशासमोर केस बांधत होती. बाबांनी तिला हाक मारली आणि उशाखालची डबी तिच्या हातात दिली.

“येताना यातच घेऊन ये. स्वच्छ धुवून. डॉक्टर फेकायला बघेल, फेकू देऊ नकोस.”

“हो आजोबा.”

ती चप्पल घालायला लागली. मी उठलो, खोक्यातून क्लॅरिनेट काढून जोडली, रीड ओली केली.

“थांब जरा.”

“उशीर होतोय, पप्पा. बाजव्याला फाटक लागतं.”

“पाच मिनिटं.”

मी खुर्चीत टेकलो, पेल्यातली कवळी काढली आणि तोंडात बसवली. बाबा खाटेवर सरळ झाले.

“काय करतोयस?” ते म्हणाले. आवाज असा, की मी पुन्हा सतरा वर्षांचा झालो.

“वाजवतोय.”

“ती काढ की आधी.”

मी काढली नाही. ओठ आत घेतला, शेवटचा फेरा धरला, खालच्या सुरावर आलो, वर निघालो. अर्ध्या वाटेत कवळी सुटली आणि खाडकन क्लॅरिनेटवर आदळली. सूर किंचाळला. मितालीला हसू आलं, तिनं लगेच तोंडावर हात धरला.

आणि मला हायसं वाटलं. किती निर्लज्जपणा आहे बघा. समोर मुलगी उभी, तास-दीड तासात तिचा धडधाकट दात पक्कडीत जाणार, आणि मला हायसं वाटलं, की नाही आली, फट लागतेच, सगळं बरोबर होतं.

“बघितलं?” मिताली मऊ आवाजात म्हणाली. “नाही येत. जाऊ मी?”

तिथंच संपवता आलं असतं. सगळ्यांच्या सोयीचं होतं. एक दात गेला असता, तोही माझा नाही.

मंदा आतून आली. तिच्या हातात कवळी चिकटवायच्या मलमाची ट्यूब होती. डॉक्टरनं मार्चमध्ये दिलेली, मी न उघडलेली. तिनं ती माझ्या मांडीवर टाकली.

मी कवळी पुसली, मलम लावलं, दाबून बसवली. एकशेवीस आकडे मोजायचे असतात, ते मोजले. मिताली एका पायात चप्पल घालून उभी.

मग मी नुसती खेच नाही वाजवली. ‘दात’ सुरुवातीपासून वाजवला. दम पुरत नव्हता, झोके जड पडत होते, म्हाताऱ्या बैलानं चढ चढावा तसं चाललं होतं. शेवटी खालच्या सुरावर थांबलो. डोळे मिटले. वर निघालो.

आली.

कुठेही न अडखळता, न तुटता, टोकापर्यंत आली. माझ्या तोंडात समोर चार दात घट्ट बसलेले होते आणि खेच आली. मी ती टोकावर धरून ठेवली, दम संपेपर्यंत, कारण सोडल्यावर काय होणार ते मला माहीत होतं.

सोडली. मितालीनं चप्पल काढली आणि जमिनीवर बसली. माझ्या तोंडाकडं बघत राहिली. बाबा भिंतीकडं बघत होते.

“मला माहीत होतं,” ते म्हणाले.

आधी वाटलं त्यांना म्हणायचंय, की मला माहीत होतं तू वाजवशील. तसं नव्हतं.

“माझं लग्न ठरलं तेव्हा,” बाबा भिंतीलाच सांगत होते, “मुलीकडचे नवसारीचे. नवऱ्याच्या तोंडात भोक दिसू नये म्हणून आईनं तारेचा एक दात करवला. वरातीत आपल्याच बँडच्या लोकांनी मला घोड्यावरून उतरवलं, हातात क्लॅरिनेट दिली. तो काढायचा राहिला. वाजवून झाल्यावर लक्षात आलं.”

“आली होती?” मितालीनं विचारलं.

“आली होती. तुझ्या पप्पांपेक्षा चांगली.”

“मग?”

“दुसऱ्या दिवशी बाबांना सांगितलं. सुभानरावांना. त्यांनी आधी क्लॅरिनेट पुसून खोक्यात ठेवली. मग म्हणाले, त्यांनाही पुढं कधीतरी कळून चुकलं होतं. फट नाही, जबडा. मार लागल्यावर जबडा सुजला होता, मिटत नव्हता, म्हणून घसा उघडा राहिला. सगळं घशात आहे. म्हणाले, गोविंदा, माझ्यापायी गावातल्या अकरा जणांनी दात काढलेत. कोणाला बोलू नकोस.”

मी क्लॅरिनेट मांडीवर ठेवली. “चौसष्ट साली कळलं होतं तुम्हाला.”

“हो.”

“माझा चौऱ्याऐंशीला काढलात.”

बाबांनी चादर गुडघ्यांवर ओढून घेतली.

“डोकं धरलं होतंत माझं. दोन्ही हातांनी.”

“बँडमध्ये घेतलं नसतं तुला,” ते म्हणाले. “मालक आधी तोंड बघायचा, मग वाजवणं ऐकायचा. तोंडात दात असता तर क्लॅरिनेट उघडूसुद्धा दिली नसती. काय सांगणार होतो मी त्याला? की आम्ही सगळे मूर्ख आहोत?”

“मला सांगायचंत.”

“तुला सांगितलं असतं तर तू काढू दिला असतास?”

मंदा खाली बसली आणि पडलेली ट्यूब उचलून तिचं झाकण लावत राहिली. एवढंसं झाकण, तिला लागेना. मला ओरडायचं होतं. सासऱ्यासमोर कधी आवाज न चढवलेल्या त्या बाईलाही ओरडायचं असेल. पण चौऱ्याऐंशी वर्षांच्या हिरड्यांवर काय ओरडणार? आणि सरदार मेला पन्नास साली, त्याच्या नावाचं पान गुळगुळीत कागदावर छापून झालंय. ज्याच्यावर ओरडायचं तो माणूसच शिल्लक नाही. एकानं काठी मारली आणि बाकीच्यांनी ऐंशी वर्षं ती हातोहात पुढं नेली. आज दुपारी बाबांनी डबीत घालून ती माझ्या मुलीच्या हातात दिली होती, आणि मी बघत बसलो होतो.

मितालीनं फोन लावला. “हॅलो, आजे चार वागे मारी अपॉइंटमेंट हती... ना, ना. दुखतुं बंद थई गयुं.” फोन ठेवून तिनं स्वतःची क्लॅरिनेट काढली.

“पीयूषभाईंनी परत तोंड उघडायला लावलं तर?” मी विचारलं.

“उघडू दे,” मंदा म्हणाली. “आणि बोट आत घातलं तर चाव.”

मिताली हसली नाही. तिनं क्लॅरिनेट तोंडाला लावली, खालच्या सुरावरून वर निघाली, आणि तसाच पत्रा ओरबाडला गेला. पुन्हा लावली, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तिनं माझ्याकडं बघितलं. मला काय सांगायचं ते कळेना. मी फक्त वाजवत आलो होतो.

“घसा,” बाबा म्हणाले. अजून भिंतीकडंच तोंड. “जांभई दाबून धरतो ना आपण, तसा उघडा ठेव. तोंड मिटलेलं, घसा उघडा. दात ओठावर टेकव, दाबू नकोस. आणि वर जाताना बोटं एकदम उचलू नकोस, छिद्रांवरून बाजूला सरकव. सावकाश.”

साठ वर्षं त्यांनी हे पोटात ठेवलं होतं. चार ओळी. त्या मलाही मिळाल्या असत्या.

तिनं घसा उघडा ठेवला. सूर अर्ध्यापर्यंत चढला, डगमगला, तुटला. पण फाटला नाही.

“नवी रीड घे,” मी म्हणालो. “ती मऊ पडलीय.”

जुनी रीड ठेवायला म्हणून तिनं बाबांची डबी उघडली, आणि थांबली. “आजोबा, हे कुठं ठेवू?”

बाबांनी हात पुढं केला. तिनं तिन्ही दात त्यांच्या तळव्यावर ठेवले. ते डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी बराच वेळ निवडत बसल्यासारखं केलं, मग एक उचलला, मुळासकट होता तो, आणि माझ्या दिशेनं धरला.

“घे,” ते म्हणाले.

मी घेतला नाही. त्यांचा हात तसाच पुढं राहिला. मिताली पुन्हा खालच्या सुरावर आली होती. मी कवळी काढून पेल्यात ठेवली, हिरड्या सोलपटल्या होत्या, आणि तिच्या समोर बसलो.

“सावकाश,” मी म्हणालो.